बॅगपाइप कर्कश वाटतो? आधी खर्ज ऐकू येतोय का ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीटिंग रिट्रीटला टीव्हीवर लष्कराचे पाइप ऐकले की अंगावर काटा येतो, पण घरी रेकॉर्डिंग लावले की पाच-दहा मिनिटांत डोके भणभणायला लागते. ब्रिटनमधले पारंपरिक लोकसंगीत पाइपवर ऐकायचे असेल तर कुठली रेकॉर्डिंग ऐकावीत? आणि घरच्या हार्मोनियमवर त्यांना साथ करता येईल का?

मी न्यूकॅसलमध्ये ध्वनिमुद्रणाचे काम करते आणि नॉर्थम्ब्रियन स्मॉलपाइप, म्हणजे इथला भात्यावर वाजणारा छोटा, मंद आवाजाचा पाइप, वाजवते. त्यामुळे माझा कल त्या वाद्याकडे झुकलेला आहे, हे लक्षात घेऊनच पुढचे वाचा.

तुमचे डोके उठते यात तुमच्या कानांचा दोष नाही. तुम्ही ऐकता आहात तो स्कॉटलंडचा हायलँड पाइप, म्हणजे उघड्या मैदानाचे वाद्य. वाजवणाऱ्याच्या कानाशी त्याचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. त्याला हळू वाजवणे नाही, जोरात वाजवणे नाही, आणि सूर मध्येच तोडणेही नाही. पिशवीवर दाब आहे तोवर तो वाजतच राहतो. अशा वाद्यासमोर अगदी जवळ माइक ठेवून मुद्रण केले आणि ते मोबाइलवर ऐकले, तर हाती उरतो फक्त चँटरचा किंचाळता भाग.

चँटर म्हणजे बोटे फिरतात ती नळी. हायलँड पाइपचा चँटर सनईच्या कुळातलाच आहे: निमुळती नळी आणि आत दुहेरी रीड. आपल्याकडे सनईवाल्याच्या शेजारी बसून एक जण नुसता सूर धरून असतो ना, इथे ते काम वाजवणाऱ्याच्या खांद्यावरच्या तीन नळ्या करतात. त्यांना ड्रोन म्हणतात. दोन टेनर ड्रोन चँटरच्या षड्जाच्या एक सप्तक खाली वाजतात, तर बेस ड्रोन दोन सप्तके खाली. हा बेस ड्रोन म्हणजे साधारण 120 हर्ट्झचा खर्ज. मोबाइलचा स्पीकर तिथवर धड पोहोचतच नाही.

आणि हा खर्ज गेला की नुसता भरदारपणा जात नाही, अर्थच जातो. हायलँड चँटरवर नऊच सूर असतात. खालच्या ए सुराला षड्ज धरले, तर त्याच्या खाली एक कोमल निषाद आणि वर शुद्ध रे, ग, म, प, ध, कोमल नी, तार सा. म्हणजे सरळ खमाज थाट. हे सूर हार्मोनियमसारखे समान वाटून घेतलेले नसतात, ड्रोनशी जुळवून लावलेले असतात. गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. वरचा कोमल निषाद परंपरेने बराच उतरलेला, षड्जाच्या सातव्या स्वयंभू स्वराजवळ (एका सुरातून आपोआप उमटणाऱ्या सुरांतल्या सातव्याजवळ) जाणारा. खर्जासकट ऐकला तर तो निषाद मधासारखा लागतो. खर्ज काढून टाका, तोच सूर बेसूर वाटेल. पाइप बेसूर असतात ही तक्रार मी इथेही ऐकते, आणि ती करणाऱ्याला आधी विचारते की ऐकलेत कशावर. म्हणून रेकॉर्डिंग निवडण्याची माझी कसोटी एकच: ड्रोन चँटरइतकेच स्पष्ट ऐकू येतात का, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळलेले राहतात का. बऱ्यापैकी हेडफोन लावून ही परीक्षा घ्या. वादक कितीही नावाजलेला असो, यात नापास झालेले रेकॉर्डिंग बाजूला ठेवा.

आता सुरुवात कुठून करायची? माझे मत ठाम आहे, हायलँड पाइपपासून नको. आधी खोलीत वाजवायची वाद्ये ऐका.

इंग्लंडच्या अगदी ईशान्य टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेलगत, नॉर्थम्बरलँड आहे. तिथल्या स्मॉलपाइपमध्ये तोंडाने हवा भरत नाहीत, उजव्या कोपराखाली छोटा भाता बांधलेला असतो. चँटरची नळी बारीक आणि सरळ, आवाज फार तर व्हायोलिनएवढा. पण खरी गंमत म्हणजे या चँटरचे खालचे टोक बंद असते. सगळी भोके बोटांनी झाकली की चँटर गप्प होतो, ड्रोन मात्र चालूच राहतात. एका वेळी एकच बोट उचलायचे आणि ते परत ठेवल्यावरच दुसरे उचलायचे, म्हणजे प्रत्येक सूर सुटा, टपोरा निघतो. पाइपच्या दुनियेत असा विराम घेता येणारी वाद्ये थोडीच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूकॅसल आणि नॉर्थ शील्ड्सच्या कारागिरांनी या चँटरला चाव्या बसवल्या, त्यामुळे एका सप्तकाचे वाद्य दोन सप्तकांपर्यंत पोहोचले.

यातले सर्वात जुने आणि आवर्जून ऐकावे असे रेकॉर्डिंग टॉम क्लफ यांचे. ब्लाइथजवळच्या न्यूशॅमचे हे खाणकामगार, घराण्यातच पाइप. 1929 साली एचएमव्हीने त्यांच्या वादनाच्या तबकड्या काढल्या. आपल्याकडच्या नाट्यपदांच्या तबकड्यांवर जो कुत्रा बसलेला असायचा, तीच ही कंपनी. आवाजात खरखर आहे, पण बोटांची शिस्त बघा: एकही सूर दुसऱ्यावर सांडत नाही. साधी चाल घेऊन तिच्यावर एकामागून एक, उत्तरोत्तर भरत जाणारी रूपे बांधायची ही इथली जुनी पद्धत. बंदिश हातात घेऊन तिची बढत ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ती लगेच कळते. आजही इथे कोणी कडक, बंद बोटांनी वाजवले की त्याला क्लफची परंपरा म्हणतात.

त्याच्या नेमक्या उलट टोकाला बिली पिग. 1902 ते 1968 हा त्यांचा काळ. कॉकेट नदीच्या खोऱ्यात शेती करणारा माणूस. क्लफकडून शिकला आणि मग स्वतःच्या वाटेने गेला. सूर एकमेकांत मिसळतात, मध्येच थरथरतात, ताना सुटल्यासारखी बोटे पळतात. कर्मठांनी नाके मुरडली. त्यांचे बरेचसे रेकॉर्डिंग घरगुती टेपवरचे. ते गेल्यावर, 1971 मध्ये लीडर कंपनीने त्यातले निवडक ‘द बॉर्डर मिन्स्ट्रेल’ या नावाने प्रसिद्ध केले. व्यावसायिक ध्वनिमुद्रक म्हणून मी त्या टेपमध्ये पन्नास दोष काढू शकेन. तरीही नवख्या माणसाला एकच तबकडी सुचवायची झाली तर मी हीच सुचवते. तांत्रिक स्वच्छता आणि जिवंतपणा यांचे गणित दर वेळी जुळतेच असे नाही. आणि घरगुती असूनही तिच्यात ड्रोन ऐकू येतात, कारण टेपरेकॉर्डर खोलीत थोडा लांब ठेवलेला असणार. आजच्या स्टुडिओत चँटरला माइक चिकटवला जातो, मग ड्रोन मागे जातात आणि चाव्यांची खटखट पुढे येते.

या दोघांमधला सौम्य मार्ग हवा असेल तर जो हटन ऐका. ते मेंढपाळ होते. व्हायोलिनवर विली टेलर आणि माउथ ऑर्गनवर विल अ‍ॅटकिन्सन, हे दोघेही मेंढपाळच. तिघे मिळून ‘द शेपर्ड्स’ म्हणून ओळखले जात. त्यांचे वादन नाचासाठीचे आहे, ठेका कधी सुटत नाही. पाइपचा लोकसंगीताशी खरा संबंध काय, ते या तिघांत कळते: गावातल्या सभागृहात नाच चालू आहे, आणि वादकाचे लक्ष नाचणाऱ्यांच्या पायांकडे आहे.

पुढची पिढी म्हणजे कॅथरिन टिकेल. ‘ऑन किल्डर साइड’ हा तिचा पहिला अल्बम 1984 मध्ये आला, तेव्हा तिने विशीही गाठलेली नव्हती. त्यात या जुन्या मंडळींची छाया स्पष्ट दिसते, आणि मुद्रण स्वच्छ आहे. तुम्ही स्टिंगची गाणी ऐकत असाल तर तिचे पाइप तुमच्या कानावरून आधीच गेलेले आहेत. स्टिंग इथल्याच वॉल्सएंडचा, आणि त्याच्या 1990 च्या दशकातल्या अल्बममध्ये ती वाजली आहे.

असे काही आठवडे कान तयार झाले की मग हायलँड पाइपकडे वळा. तिथेही बँड नको, एकटा वादक. तिथल्या संगीताचे दोन भाग आहेत. मार्च, रील, स्ट्रॅथस्पे, जिग हे छोटे, तालाचे संगीत. आणि दुसरे पीब्रॉक, गेलिक भाषेत ज्याला थोरले संगीत म्हणतात. आधी संथ मूळ चाल, मग तिच्यावर रचलेली वाढत्या गुंतागुंतीची रूपे, आणि शेवटी पुन्हा मूळ चाल. एक रचना सहज दहा-पंधरा मिनिटे चालते. इथेच जुन्या तबकड्यांची अडचण होती. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून पीब्रॉकचा फक्त तोंडवळा आणि एखादे-दुसरे रूप मुद्रित व्हायचे. त्यातही 1925 पूर्वीचे मुद्रण कर्ण्यातून होई, त्यात खर्ज फारसा उमटतच नसे. मोठे मोठे वादक त्या काळात तबकडीवर आले आहेत, पण तेवढ्यावरून त्यांची पारख करू नका. आपल्याकडे तीन मिनिटांच्या ख्यालावरून जुन्या गवयांची पारख करतात, तितकेच ते अन्यायाचे होईल.

हायलँड पाइपवर सूर तोडता येत नाही, हे वर आलेच. मग एकच सूर दोनदा वाजवायचा कसा? मध्ये एक अतिशय छोटा कणस्वर टाकून. या कणांचे ठरलेले गुच्छ आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. पीब्रॉकमध्ये तर शेवटची रूपे या गुच्छांवरच उभी असतात. जोर लावून सूर उठवता येत नाही, त्यामुळे भाव व्यक्त होतो तो सूर किती धरला यातून. ही गोष्ट स्वरलिपीत नीट उतरत नाही. म्हणून परंपरेने ती गाऊन शिकवली गेली, ठरलेल्या अक्षरांत, ‘कांटारेख्क’ नावाच्या पद्धतीने. तबल्याचे बोल जसे हाताचा आघात सांगतात, तशी यातली अक्षरे सूर आणि कण दोन्ही सांगतात.

ही तालीम प्रत्यक्ष ऐकायची असेल तर रॉबर्ट ब्राउन आणि रॉबर्ट निकोल यांची रेकॉर्डिंग मिळवा. दोघेही बालमोरलच्या राजेशाही जहागिरीवर नोकरीला होते, दोघेही इन्व्हर्नेसच्या जॉन मॅक्डोनाल्ड यांचे शिष्य, आणि पाइपवाल्यांत ‘बालमोरलचे बॉब’ म्हणून ओळखले जातात. ग्रीनट्रॅक्स कंपनीने ‘मास्टर्स ऑफ पीब्रॉक’ या मालिकेत त्यांच्या टेप प्रसिद्ध केल्या आहेत. त्यात ते बोलतात, गाऊन दाखवतात, मग वाजवतात. तुम्हाला एक अक्षर कळले नाही तरी गाण्यातला श्वास पुढच्या वादनात कसा उतरतो ते कळेल. नुसत्या मैफली रेकॉर्डिंगपेक्षा मला हे जास्त मोलाचे वाटते. आणि निव्वळ नादासाठी डोनाल्ड मॅक्फरसन ऐका. त्यांचे ड्रोन ज्या तऱ्हेने चँटरमध्ये विरघळतात, ती इथे अजूनही मोजपट्टी मानली जाते.

पैसे न खर्चता ऐकायचे तर ‘टोबर अन ड्युअलखस’ नावाचे संकेतस्थळ आहे. एडिनबरा विद्यापीठातली स्कॉटिश स्टडीज ही संस्था 1951 मध्ये सुरू झाली. तिच्या संग्राहकांनी खेडोपाडी, बेटांवर जाऊन जमवलेल्या टेप, बीबीसीचा काही साठा आणि कॅना बेटावरचा जॉन लॉर्न कॅम्बेल यांचा संग्रह असे सगळे तिथे हजारोंच्या संख्येने ऐकायला मिळते. ऐकणे मोफत आहे, वापरायचे झाल्यास परवानगी लागते. तिथे गेलात तर पाइपबरोबर ‘पोर्शता बियाल’, म्हणजे तोंडाने गायलेल्या नाचाच्या चाली, जरूर शोधा. वाद्य हाताशी नसले की नाचासाठी बायका-पुरुष या चाली गात. तीच चाल आधी तोंडून आणि मग पाइपवर ऐकली की ठेका कुठून येतो ते उलगडते. अ‍ॅलन लोमॅक्स हा अमेरिकन संग्राहकही 1951 मध्येच स्कॉटिश संग्राहक हॅमिश हेंडरसनबरोबर स्कॉटलंडभर फिरला होता. त्याचाही संग्रह इंटरनेटवर खुला आहे.

स्कॉटलंडमध्ये भात्याचे पाइपही आहेत: मंद आवाजाचे स्कॉटिश स्मॉलपाइप, आणि त्याहून मोठ्या आवाजाचे, निमुळत्या चँटरचे बॉर्डर पाइप. ही वाद्ये जवळपास लोपली होती, 1980 च्या दशकात पुन्हा उभी राहिली. हॅमिश मूर यांचा 1985 चा ‘कॉल्ड विंड पाइप्स’ हा या पुनरुज्जीवनातला महत्त्वाचा अल्बम. इथे एक सावधगिरी बाळगा. नॉर्थम्बरलँडमध्ये किंवा हायलँडमध्ये गुरूकडून शिष्याकडे वादन अखंड आले. बॉर्डर पाइपचे तसे नाही. विल्यम डिक्सनने 1733 च्या सुमारास नॉर्थम्बरलँडमध्ये लिहून ठेवलेल्या चालींची वही 1990 च्या दशकात छापली गेली आणि तिच्यावरून वादकांनी शैली घडवली. चाली जुन्या, वाजवण्याची रीत नवी. लेस्टरशायर, कॉर्नवॉल, वेल्स इथल्या पाइपचे तर याहून जास्त: चर्चमधल्या लाकडी कोरीवकामातल्या आकृती बघून वाद्ये बनवली गेली आहेत. त्यातली काही रेकॉर्डिंग कानाला गोड आहेत, मी ती आनंदाने ऐकते. फक्त अल्बमच्या मागे ‘प्राचीन परंपरा’ असे लिहिलेले दिसले की त्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

तुमच्या मनात असलेले आणखी दोन गोंधळ असतील तर आत्ताच दूर करते. ‘ब्रेव्हहार्ट’ चित्रपटाची कथा स्कॉटलंडची, पण त्याच्या पार्श्वसंगीतात ऐकू येतात ते आयर्लंडचे इलन पाइप. फार सुंदर वाद्य, पण ते वेगळे प्रकरण आहे. आणि ‘अमेझिंग ग्रेस’: रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्सच्या बँडने 1972 मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले, तेव्हापासून जगाला पाइप म्हटले की तेच आठवते. ते पाइपच्या परंपरेतले नव्हे, ते ख्रिस्ती भजन आहे. पर्यटकांच्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक सीडी याच जातीच्या असतात.

बँडबद्दल थोडेच. पाइप बँड ही मुळात एकोणिसाव्या शतकातल्या लष्कराची देणगी, आणि भारतात पाइप आले तेही त्याच वाटेने. पुढे उत्तराखंडात ते मशकबीन म्हणून लग्नाच्या वरातीत रुळले, आणि सियालकोट तर पाइप बनवण्याचे मोठे केंद्रच झाले. बँड ऐकायचाच असेल तर 78 फ्रेझर हायलँडर्स या कॅनडाच्या बँडची 1987 ची आयर्लंडमधली मैफल ऐका. त्याच वर्षी हा बँड जागतिक स्पर्धा जिंकला होता.

आता हार्मोनियम. हायलँड पाइपचा षड्ज कागदावर ए, म्हणजे पांढरी सहा. प्रत्यक्षात तो काळी पाचच्याही वर चढलेला असतो. काळी पाच साधारण 466 हर्ट्झ, पांढरी सात 494, आणि आजचे वादक 476 ते 482 च्या आसपास लावतात. म्हणजे बरोबर दोन पट्ट्यांच्या फटीत. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये हाच सूर बराच खाली सापडतो, शिवाय तबकडी किंवा टेप नेमक्या वेगाने फिरवली होती की नाही याची खात्री नसते. नॉर्थम्ब्रियन पाइपची जुनी पट्टी पांढरी चारच्या किंचित वर, सुमारे वीस सेंटने (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). ही दोन्ही वाद्ये हार्मोनियमबरोबर थेट जुळणार नाहीत. नव्या पिढीचे काही नॉर्थम्ब्रियन पाइप पांढरी पाचला लावलेले असतात, आणि स्कॉटिश स्मॉलपाइप बहुधा पांढरी सहा किंवा पांढरी दोनला. त्यांच्याबरोबर बसायला हरकत नाही.

बाकीच्यांसाठी ऑडसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर घ्या. वेग न बदलता रेकॉर्डिंगची पट्टी सेंटमध्ये खालीवर करता येते. हायलँड पाइप 478 ला असेल तर सुमारे 43 सेंट उतरवा, काळी पाच मिळेल. मग साथीत षड्ज-पंचमच धरा. गंधार आणि निषाद हार्मोनियमवर दाबलेत तर पाइपच्या सुरांशी ते भांडतील. आणि चाल सुरू होताच षड्ज कुठे आहे ते नीट ऐका. बऱ्याच चाली ड्रोनच्या षड्जावर न टेकता त्याच्या मध्यमावर टेकतात, म्हणजे ड्रोन त्या चालीचा पंचम होऊन वाजत राहतो. तिथे तुमचाही हात मध्यमावर हलवा.